पाच दुपटी आणि पदर

मंगळवारी दुपारी कावूचा पलंग तिच्या आईच्या पलंगापासून हातभर लांब होता, आणि बुधवारी सकाळी तो सव्वीस पावलांवर गेला. निशिगंधानं पावलं दोनदा मोजली. पहिल्यांदा वाटलं, झोपेत आहोत. दुसऱ्यांदा तळव्यांना फरशी गार लागली, तेव्हा नाही म्हणायची सोय उरली नाही. आदल्या दिवशी छताला एक पंखा होता, आता चार होते. चौथ्या पंख्याखाली साडेपाच वर्षांची कावेरी पालथी झोपली होती, आणि तिची उजवी मूठ झोपेतच उघडमीट करत होती. मूठ रिकामी होती.

ती रिकामी का होती हे आधी सांगायला हवं, नाहीतर सगळा दोष उगाच त्या बेटाच्या माथी जायचा.

निशिगंधाचा नवरा संग्राम कराडला ठिबकचं दुकान चालवतो. यंदा त्यानं इतके पाइप खपवले की कंपनीनं खूश होऊन त्याला सहकुटुंब अंदमानला धाडलं. तीन रात्री, समुद्राकाठची खोली, नाश्ता फुकट. निशिगंधाला सहावा सरत आलेला. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली: विमानाला हरकत नाही, फार चालू नका, जड उचलू नका. "बाळ आलं की दोन वर्षं कुठं हलता येणार नाही," संग्राम म्हणाला, "काय हौस करायची ती आत्ताच." त्याच्या आईला सगळं घर माई म्हणतं. माईंनी दोन जिवांची बाई समुद्रावर एकटी सोडायला साफ नकार दिला. मुलगा बरोबर होता, पण त्याला त्यांनी सोबतीत धरलं नाही. अशी ही वरात आधी विमानानं आणि मग बोटीनं त्या छोट्या बेटावर उतरली.

माईंच्या पिशवीत डिंकाचे लाडू होते, चिवडा होता, कात्री, सुईदोरा होता, आणि सगळ्यात तळाशी निशिगंधाची आमसुली सुती साडी होती. धुवून धुवून ती सायीसारखी झाली होती. कावू जन्मल्यापासून त्या साडीच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायची. निशिगंधा घरात गाऊन वापरायला लागून जमाना झाला, तरी निजायच्या वेळी गाऊनवरून ती साडी खांद्यावर टाकल्याशिवाय पोरीचा डोळा लागत नसे.

"पाच दुपटी निघतील," मंगळवारी दुपारी वाळूतल्या खुर्चीवर बसून माई म्हणाल्या, "आन् उरल्या पदराची कुंची. बाळाच्या अंगाला पयलं नवं कापड लावायचं नसतं. आईच्या अंगावर विरलेलंच लागतं."

"कावूला लागतो हो पदर झोपताना."

"म्हणूनच. आता ताई व्हनार ती. आत्ता सवय मोडली न्हाई तर बाळंतपनात तुला बसू देनार न्हाई ना उठू देनार न्हाई. हितं येगळा पलंग मागवलाय तिला. लागू दे सवय."

कावू तेव्हा बापाच्या खांद्यावर बसून लाटांना शिव्या देत होती. तिला विचारायला हवं होतं. पण ऊन कडक होतं, पाय सुजले होते, आणि खरं सांगायचं तर निशिगंधाला मनातून बरंच वाटलं. रात्रभर अंगाला चिकटून झोपणारं ते ऊन ऊन लेकरू आता थोडं बाजूला झालं तर एक कूस तरी नीट मिळेल, असं तिच्या मनात येऊन गेलं. ती म्हणाली, "घ्या."

माईंनी कात्रीनं नुसता काठ तोडला आणि पहिलं दुपटं हातानं फाडलं. टर्रर्र.

त्या संध्याकाळी निशिगंधानं लेकीला तिच्या पलंगावर बसवून विचारलं, "आजपासून इथं एकटी झोपशील ना, कावू? शहाणी ना तू?" कावूचे ओठ हलले. ऐकू काहीच आलं नाही.

"बघ, काय बोलली न्हाई," माई म्हणाल्या. "म्हंजी कबूल हाय."

तर बुधवारी सव्वीस पावलं. निशिगंधानं संग्रामला हलवून उठवलं. तो उठला, तीन ढांगांत कावूपाशी गेला, तिच्या तळपायाला गुदगुल्या केल्या आणि तीन ढांगांत परत आला.

"कुठं लांब आहे? ही काय!"

"मी गेले तर सव्वीस पावलं होतात."

"पाय सुजलेत गं तुझे. त्यात ह्या फरशीवर वाळू."

तिनं मॅनेजरला बोलावलं. बिस्वासबाबू मोजायची टेप घेऊन आले. टेपची डबी त्यांनी निशिगंधाच्या पलंगाशी धरली आणि टोक तिच्या हातात दिलं. ती टोक घेऊन चालायला लागली. पहिला पंखा गेला, दुसरा गेला. मागं दारात बिस्वासबाबूंनी एक फोन घेतला, तो संपवला, दुसरा घेतला. कावूच्या पलंगाला टोक टेकवून ती धापा टाकत उभी राहिली, तेव्हा त्यांनी वाकून आकडा वाचला.

"चौदह फुट, मॅडम. सब कमरे चौदह फुट के हैं. चलना अपना-अपना होता है."

आणि नाश्त्याची वेळ साडेनऊला संपते, हेही त्यांनी सांगितलं.

बुधवारी माईंनी दोन दुपटी काढली, कारण वारा पडला होता आणि हात चालत होता. दुपारी झोपून उठल्यावर निशिगंधानं पाहिलं तर पंखे अकरा झाले होते. अकराव्याखाली कावू पलंगावर बसून शंख पुसत होती. "कावू," निशिगंधानं हाक मारली, "भूक लागली का गं?" ती बराच वेळ वाट बघत राहिली. मग तोंड धुतलं, वेणी घातली, लाडू खाल्ला. लाडवाचा शेवटचा घास तोंडात असताना खोलीच्या त्या टोकाकडून आवाज आला, "हो, लागली."



अशी उशिरा येणारी उत्तरं तिला नवीन नव्हती, आणि म्हणूनच जास्त भीती वाटली. संग्रामची थोरली बहीण रत्ना सुरतेला असते. तिचा फोन फक्त दिवाळीला येतो. इकडून "हॅलो" म्हटलं की चहा करून, पिऊन, कप विसळून होईपर्यंत तिकडून "हॅलो" येत नाही. घरातले सगळे म्हणतात, लाइन खराब आहे. लग्नाला सात वर्षं झाली तरी निशिगंधानं नणंदेला पाहिलेलं नव्हतं.

बुधवारपर्यंत हे सगळं खोलीपुरतं होतं. गुरुवारी ते बाहेर आलं. निशिगंधा समुद्राकाठी खुर्चीत बसली होती आणि कावू तिच्या पायाशी वाळूचा किल्ला रचत होती. इतकी पायाशी, की बादलीतलं पाणी निशिगंधाच्या बोटांवर सांडत होतं. तिनं पोरीच्या केसांतली वाळू झटकायला हात पुढं केला. हात जात राहिला. ती खुर्चीतून पुढं सरकली, वाकवेल तेवढी वाकली, पोट आडवं आलं, तरी हात जातच राहिला आणि केस तिथंच राहिले.

"संग्राम," ती म्हणाली, "तिला उचल आणि माझ्या मांडीवर आणून ठेव."

"डॉक्टरनी सांगितलंय ना, जड..."

"ठेव म्हणते ना!"

संग्रामनं कावूला उचललं. दोन पावलांत तो आला, वाकला आणि लेकीला आईच्या मांडीवर ठेवून सरळ उभा राहिला. तो पोचला. कावू पोचली नाही. ती लांब किल्ल्यापाशी उभी राहून आईकडं बघत होती आणि निशिगंधाच्या मांडीवर नुसती ओली वाळू होती.

"झालं समाधान?" संग्राम म्हणाला आणि शहाळं आणायला गेला.

निशिगंधा रडली. उघड्यावर, चारचौघांत, नाक पुसत रडली. आणि त्याच वेळी मागच्या खुर्चीवर टर्रर्र असा आवाज झाला. तिनं कावूकडं पाहिलं. आवाजाबरोबर पोरगी सपकन मागं गेली, पार नारळीच्या रांगेपाशी, बादलीसकट. निशिगंधा वळून ओरडली, "माई, थांबवा ते!" पण माईंचे हात सवयीचे होते, पाचवं दुपटं आधीच निम्मं फाटलं होतं, आणि निम्मं फाटलेलं सुती कापड थांबत नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपण दुसऱ्याला सहज म्हणतो. गुरुवारी संध्याकाळी ही बाई सगळ्या बेटावर लेकीला शोधत हिंडत होती, आणि लेक पूर्ण वेळ तिच्या सोबत चालत होती. संग्रामच्या बोटाला धरून, दीड हातावर. निशिगंधाला ती दिसायची ती किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, तांदळाएवढी.

शुक्रवारी दोनची बोट होती. सकाळी संग्राम बॅगा भरायला लागला. माई पलंगावर मांडी घालून बसल्या. समोर पाच दुपट्यांची चळत आणि मांडीवर उरलेला पदर. त्यांनी कुंचीचं माप टाकायला पदराची घडी घातली आणि कात्री उचलली. निशिगंधानं त्यांचं मनगट धरलं. लग्न झाल्यापासून तिनं सासूला असं धरलं नव्हतं.

"जेवढं फाडलं तेवढं अंतर पडलंय, माई. तुम्हाला माहीत होतं."

माईंनी चष्मा काढला. त्या रागावल्या नाहीत. खोटंही बोलल्या नाहीत.

"माझी रत्ना चार वर्साची हुती," त्या म्हणाल्या. "संग्रामच्या येळंला माझ्या सासूनं माझं हिरवं लुगडं काढलं. सात दुपटी झाली, पदराची कुंची झाली. पदर कापला तसा रत्नाचा पलंग भिंतीतनं भायेर गेला. मी म्हनलं, सगळ्यांच्यात आसंच आसंल. दुसरं पोर पदरात घ्यायचं तर पयल्याला जागा सोडावी लागनारच. मग ती साळंला गेली, मग सासरी गेली, माझं काय तिच्यापातुर जानं झालं न्हाई. दिवाळीला आवाज येतो तेवढाच. परवाच्या दिवाळीला आला तवा 'आई, मला ताप आलाय' म्हनली. तो ताप तिला पाचव्या वर्सी आल्ता गं."

संग्रामनं बॅगेची चेन लावली. त्याला ऐकू आलं की नाही, कुणास ठाऊक. तो कुंची घालून वाढलेला मुलगा होता.

"हलकं बोलनं लवकर येतं," माई म्हणाल्या. "जड बोलनं चालत येतं."

निशिगंधानं पदर घेतला. मग चळत ओढली आणि एका दुपट्याचं टोक दुसऱ्याला बांधायला लागली. जेवढं फाडलं तेवढं अंतर असेल, तर सगळं जोडल्यावर तेवढंच अंतर भरून निघायला हवं; हा हिशोब साधा होता आणि तिनं तो मनात दहा वेळा तपासला होता. पाच दुपट्यांच्या चार गाठी, पाचवी पदराची. सहावी ती पलंगाच्या पायाला मारणार होती, तोच माईंनी ते टोक तिच्या हातातून काढून घेतलं आणि आपल्या मनगटाला दोन वेढे दिले.

"मी धरते. तवा मला कुनी सांगितलंच न्हवतं, धरून बसायचं आसतं म्हनून."

"किती वाजले?" निशिगंधानं विचारलं.

"बारा. पन वाजल्याकडं बघू नगंस. जा."

ती निघाली. पदराचं टोक उजव्या मुठीत, बाकीचं कापड काखेत, डावा हात पोटाखाली. मागं कापड उलगडत होतं, आणि गंमत म्हणजे पुरत होतं. दोन हाताचं दुपटं दोन पंखे झाले, तीन झाले, तरी सरत नव्हतं. अकरा पंख्यांपर्यंत तिनं मोजले. त्यानंतरचे फिरत नव्हते, फक्त लटकले होते. भिंतीवर टांगलेलं माशाचं चित्र दर थोड्या वेळानं पुन्हा येत होतं आणि दर वेळी मासा जरा लहान असायचा. तिच्या पायाखालची फरशी हळूहळू वाळूची झाली. वाटेत तिला कावूच्या वस्तू भेटत गेल्या: एक चप्पल, शंख, लाल बादली, तिसऱ्या वाढदिवसाचा फ्रॉक, आणि एक दुधाचा दात, जो अजून पडलेला नव्हता. तिनं काहीच उचललं नाही. जड उचलायचं नव्हतं, आणि त्यातलं एकही हलकं नव्हतं.

वाटेत समोरून कावूचे आवाज येत होते, आपापल्या चालीनं. "आई, बघ खेकडा." तो बुधवारचा होता. "बाबा, आईला पण सांग ना." तो कालचा. ते तिच्या कानाजवळून गेले आणि मागं, खोलीच्या दिशेनं निघून गेले. पोटातलं बाळ एकदा जोरात फिरलं. "थांब जरा," निशिगंधा त्याला म्हणाली, "तुझी ताई येऊ दे."

पाचवी गाठ तिच्या बोटांना लागली तेव्हा पलंग समोर दिसत होता. त्यामागं भिंत होती, आणि भिंतीत पलंगाच्या मापाची एक मोकळी चौकट होती. पलंगाचे मागचे दोन पाय चौकटीच्या पलीकडं गेलेले होते. कावू चादरीवर गुडघे टेकून बसली होती. तिचे केस विंचरायला झाले होते.

निशिगंधा धावली. चार पावलं, तीन, दोन, आणि उजवा हात मागं ओढला गेला. कापड ताठ झालं. पदराचं टोक आणि पलंग यांच्यामध्ये हातभर जागा उरली होती, मंगळवारी होती तेवढीच. तिनं मागं पाहिलं आणि तिला कळलं. पाच गाठी. प्रत्येक गाठीनं थोडं थोडं कापड खाल्लं होतं.

तिनं डावा हात लांबवला. कावूनंही लांबवला. दोघींच्या बोटांमधून एखादी बांगडी पडली असती, इतकीच फट राहिली.

"उडी मार, कावू."

"पलंग मागं जातो, आई. मी हलले की जातो. मी तीन रात्री हललेच नाहीये."

तेव्हाच तिला ते ऐकू आलं. पलंगाच्या पायथ्याशी, अगदी खाली, वाळूजवळ. मंगळवारी संध्याकाळी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. इतकं जड होतं ते, की तीन दिवसांत जेमतेम पलंगावरून उतरलं होतं.

"नाही झोपणार एकटी. मला भीती वाटते."

निशिगंधानं एकदा मागच्या पंख्यांच्या रांगेकडं पाहिलं. मग तिनं दातांनी पाचवी गाठ सोडवली. पदर तेवढा हातात ठेवला आणि बाकीचं कापड सोडून दिलं. ते लगेच वाळूवरून सरसरत मागं निघालं, कारण पलीकडं कुणीतरी सवयीच्या हातांनी ते गोळा करत होतं. बाळाला पाच दुपटी पुरतात.

तिनं एक पाऊल टाकलं आणि ती पलंगावर बसली. पलंग लहान मुलीचा होता, तिघांच्या वजनानं करकरला. तिनं गाऊनवरून पदर खांद्यावर टाकला. कावूची मूठ आली, टोक धरलं, अंगठ्यानं काठ चोळला, आणि दहा श्वासांत ती झोपली.

चौकटीतून पलंग हळूच मागं सरकायला लागला. फार लांबून संग्रामचा आवाज आला. आवाज चांगला होता, नेहमीचा, घाईतला. तो तिकडून निघाला तेव्हा तिथं बहुतेक दुपारचे दोन वाजत असावेत.

"निशू, बोट लागली! येतेस ना?"

"आलेच," ती म्हणाली. तेवढं उत्तर दिवाळीपर्यंत त्याला पोचणार होतं.